साखर वाढते म्हणून बंद केलेली गोळी

"मॅडम, मला आधीच साखर आहे. ही गोळी साखर वाढवते म्हणतात. मग ती मी का घेऊ?"

बावन्न वर्षांच्या ताईंनी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमची पट्टी टेबलावर ठेवली. कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन गटातली ही गोळी. दहातल्या तीनच गोळ्या संपलेल्या. वजन ९१ किलो, कंबर १०४ सेंटिमीटर, टाइप २ मधुमेहाला आठ वर्षं झालेली, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७.६ टक्के. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ९६. "आणि कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आहे," ही त्यांची दुसरी तक्रार.

त्यांची शंका निराधार नाही, आणि ती उडवून लावली की माणूस गोळी गुपचूप बंद करतो. स्टॅटिनने साखर थोडी वाढते. १३ चाचण्या एकत्र करून २०१० साली जो हिशोब मांडला गेला, त्यात २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतल्यावर एकाला जास्तीचा मधुमेह झाला होता. ज्यांना मधुमेह आहेच, त्यांचं एचबीएवनसी सरासरी ०.१ च्या आसपास सरकतं. म्हणजे ७.६ चं ७.७.

पण ताईंच्या वहीत वेगळंच दिसत होतं. उपाशीपोटीची साखर १२६ ते १३४, मग अचानक १६८, १७४, १६१, १५०, आणि आठवड्याभरात पुन्हा १३२. स्टॅटिन अशी एका रात्रीत उडी मारत नाही. त्याच दिवसांत दुसरं काही घेतलं होतं का, असं विचारल्यावर आठवलं: आखडलेल्या खांद्यात इंजेक्शन. ते स्टेरॉइडचं होतं. सांध्यात दिलेलं स्टेरॉइड थोडं रक्तातही उतरतं आणि मधुमेहात काही दिवस साखर चढवतं. गोळी नेमकी त्याच दिवशी सुरू झाली, चौथ्या दिवशी बंद केली, साखर उतरली. आळ गोळीवर आला.

मग रिपोर्टच्या पाठीमागे रक्तवाहिनी काढून दाखवली. आतलं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर, एंडोथेलियम. त्यातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड वाहिनी सैल ठेवतो, रक्त गोठवणाऱ्या बिंबिका (प्लेटलेट) चिकटू देत नाही. पोटावरची चरबी मुक्त फॅटी अ‍ॅसिड आणि सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडते; इन्शुलिनचा इशारा अस्तरापर्यंत नीट पोचत नाही, त्यामुळे नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होतो. जो होतो त्यातला काही चढ्या साखरेतून निर्माण होणारा सुपरऑक्साइड हा घातक रेणू खाऊन टाकतो. हे मोजता येतं: दंडाच्या धमनीचा प्रवाह पट्टा फुगवून पाच मिनिटं अडवायचा, सोडल्यावर ती किती रुंदावते ते सोनोग्राफीत बघायचं. लठ्ठपणात आणि मधुमेहात ती कमी रुंदावते.

स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल बनवण्याची वाट अडवतं. त्याच वाटेवर तयार होणारे आणखी काही रेणू नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला दाबून ठेवतात. ते घटले की अस्तराला मोकळीक मिळते. मात्र जुन्या मधुमेहात दंडाच्या या तपासणीत दर वेळी सुधारणा दिसलेली नाही. एका गोळीने सगळं अस्तर सावरेल असं सांगणं चूक ठरेल. साखर, रक्तदाब, कंबर, तंबाखू हे सगळे एकाच थरावर घाव घालतात.

तरी गोळी हवीच, कारण मधुमेहात एलडीएलचे कण लहान आणि घट्ट असतात; आकडा ९६ दिसला तरी कणांची संख्या जास्त असू शकते. २००४ च्या कार्ड्स चाचणीत मधुमेह असलेल्या, पण आधी हृदयविकार नसलेल्या २८३८ जणांपैकी निम्म्यांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम दिलं. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या मोठ्या घटना त्यांच्यात ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. एचबीएवनसीतल्या त्या ०.१ च्या वाढीसमोर हे ठेवून बघा.

डॉक्टरांशी बोलून गोळी पुन्हा सुरू झाली. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन दिवसात कधीही चालतं, वेळ मात्र रोज एकच हवी. आठ आठवड्यांनी लिपिड तपासणी: २० मिलिग्रॅमने एलडीएल साधारण ४० टक्के उतरायला हवं, म्हणजे ५८ च्या आसपास. तसं झालं नाही तर आधी पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या, कारण डोस दुप्पट केल्याने एलडीएल जेमतेम ६ टक्केच आणखी उतरतं. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे सारखे दुखू लागले तर सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी. सोबत लघवी गडद झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं तर स्टॅटिन चालू आहे हे आधी सांगायचं.

वहीत ताईंनी साखरेच्या रकान्याशेजारी नवा रकाना आखला: "इतर औषध, इंजेक्शन." पहिली नोंद मागच्या तारखेची, खांद्याची.