इंदूरच्या होळकर क्रिकेट संघावर आम्ही चाहत्यांनी विकी सुरू केलाय. लेख चांगला झालाय हे कसं ओळखायचं?

सगळी विशेषणं खोडून पाहा. तरीही सांगण्यासारखं काही उरलं, तर लेख चांगला झालाय. ‘होळकरांनी भल्याभल्यांना धूळ चारली’ यातून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. ‘१९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ मध्ये रणजी करंडक जिंकला’ असं लिहिलंत की ते पडताळता येतं. मराठी विकिपीडियावर संपादन करताना मी हीच कसोटी लावतो. आकडे धावफलकावरूनच घ्या, आणि संघाचे कर्णधार सी. के. नायडू यांचं चरित्र प्रत्येक पानावर नको, दुवा पुरे. मात्र यशवंत क्लबच्या मैदानावर सामने पाहिलेल्या जुन्या मंडळींच्या आठवणी पुरावा नाही म्हणून टाकू नका! त्या पुन्हा मिळायच्या नाहीत. वेगळ्या मथळ्याखाली, कुणी आणि केव्हा सांगितल्या ते लिहून ठेवा.