तरल छत, तरतं छप्पर की तरंगतं झाकण?

प्रश्न थोडक्यात असा: पेट्रोल, कच्चं तेल वगैरे साठवायच्या ज्या अजस्र टाक्यांचं छत आतल्या द्रवावरच तरंगतं त्यांना ‘फ्लोटिंग रूफ टँक’ म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावं? सुरक्षापत्रकाच्या मसुद्यात ‘तरल छत’ आलंय, सहकाऱ्याने ते खोडून ‘तरतं छप्पर’ केलंय आणि साहेबांना दोन्ही पसंत नाही.

साहेब बरोबर आहेत.

‘तरल’ म्हणजे द्रव हे हिंदीत. मराठीत तरल असते ती कविता, नाहीतर एखाद्याची मनोवृत्ती. सुरक्षापत्रकात ‘तरल छत’ वाचून माणूस छत वितळलं समजून पळत सुटेल.

‘तरणे’ आणि ‘तरंगणे’ मात्र एकाच कुळातले, पण मराठीत त्यांचे संसार वेगळे झाले. ‘तरणे’ म्हटलं की बुडायचं ते बुडालं नाही असा भाव येतो. इंद्रायणीत तुकोबांची गाथा तरली, सेतूच्या शिळा तरल्या, मुलगा ग्रेस मार्कांवर तरला. ‘देव तारी त्याला कोण मारी’ आणि बँकेतलं ‘तारण’ही त्याच गोतावळ्यातलं. ‘तरंगणे’त चमत्कार नाही. ओंडका तरंगतो, कारण तो पाण्यापेक्षा हलका आहे. टाकीतलं छत पोलादी असलं तरी त्याच्या कडेने हवाबंद कप्प्यांचं कडं असतं (यांना पोंटून म्हणतात), म्हणून ते वर राहतं. देवाचा हात नाही, तेव्हा ‘तरंगतं’.

आता नाम, आणि खरी गंमत इथे आहे. छप्पर उतरतं असतं, पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून. छत म्हणजे खोलीत उताणं पडल्यावर डोळ्यांसमोर दिसतं ते. दोन्ही शब्द घराचे, दोन्हींत खाली मोकळी जागा गृहीत. आणि ही वस्तू तर नेमकी ती मोकळी जागा राहू नये म्हणूनच केलेली आहे! साध्या टाकीत पेट्रोलच्या वर पोकळी राहते, तिथे वाफ साठते. दिवसा तापलं की वाफ बाहेर पडते, रात्री गार झालं की हवा आत येते. टाकी श्वास घेते म्हणा ना. माल वाया जातो आणि वाफ नि हवा यांचं मिश्रण पेट घ्यायला टपलेलं. म्हणून झाकण थेट द्रवावरच ठेवायचं. ही युक्ती अमेरिकेत 1920 च्या दशकात आली. दुधावरच्या सायीसारखं समजा: दूध उपसलं की साय खाली जाते, ओतलं की वर येते, मध्ये हवेला वाव नाही. लोणच्यावर तेलाचा तवंग राखतो, तोही हवा लागू नये म्हणूनच.

गोबरगॅसच्या तरंगत्या टाकीवरून शब्द उचलावा असं काहींना वाटेल. जपून. तिथे ती टाकी गॅस साठवायला तरंगते, इथे झाकण वाफ साठू नये म्हणून तरंगतं. शब्द जुळतो, हेतू उलटा.

उघड्या टाकीत या झाकणावर पाऊस थेट पडतो, आणि ते पाणी तेलातूनच जाणाऱ्या लवचिक नळीने बाहेर काढावं लागतं. नळी तुंबली असली तरी 24 तासांत 250 मिलिमीटर पाऊस पेलता आला पाहिजे, अशी एपीआय 650 या, तेलाच्या टाक्यांसाठीच्या अमेरिकी मानकाची अपेक्षा आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला होता, हे आठवलं की त्या नळीबद्दल आदर वाटतो.

काही टाक्यांना वर पक्कं छप्पर असतं आणि आत आणखी एक तरंगतं. तिथे दोन्हींना ‘छत’ म्हटलं की कामगार विचारणार, कुठलं छत? म्हणून माझं मत ‘तरंगतं झाकण’ला. टाकी हे शेवटी भांडंच, आणि भांड्याला झाकणच लागतं. माणूस आत उतरायच्या भोकाच्या झाकणाशी थोडा गोंधळ होईल, हे कबूल. त्याला ‘मॅनहोलचं झाकण’ म्हणून वेगळं काढता येतं.

क्रियापद मात्र मराठीने आधीच देऊन ठेवलंय. टाकी फार रिकामी झाली की झाकण आपल्या पायांवर उभं राहतं. इंग्रजीत ते ‘लँड’ होतं, आपल्याकडे ‘टेकतं’. त्या पायांना ‘टेकू’ म्हणा, सुताराला, गवंड्याला, कुणालाही कळेल. आणि टेकल्यावर द्रव आणखी उतरला की खाली पुन्हा पोकळी, पुन्हा वाफ. पत्रकात ‘झाकण टेकता कामा नये’ एवढी ओळ ठळक छापली तरी पुरे.

माझे एक मामा तेलाच्या डेपोत डिप घ्यायचे, म्हणजे टाकीत फीत सोडून तेलाची पातळी मोजायचे. फितीच्या टोकाला पितळी ओळंबा, पितळी अशासाठी की ठिणगी उडू नये. टाकीच्या कडेवर चढल्यावर, आत पाहायच्या आधी, झाकणावर पडलेली भिंतीची सावली बघायचे. कोर बारीक तर टाकी भरलेली, कोर जाड तर माल तळाला. हल्ली उपग्रहाच्या चित्रांतून याच सावल्या मोजून कुणाकडे किती तेल आहे याचे अंदाज बांधतात.

मामा ‘झाकण’ कधी म्हणाले नाहीत, ‘रूफ’च म्हणायचे. पण ‘रूफ टेकलं’ म्हणायचे, नपुंसकलिंगी. छत, छप्पर, झाकण तिन्ही नपुंसकलिंगी, त्यामुळे आपल्या भाषेत आल्यावर ‘रूफ’ला दुसरं लिंग मिळालंच नसतं. मसुद्यात एकदा ‘तरंगतं झाकण म्हणजेच फ्लोटिंग रूफ’ असं लिहा आणि पुढे सुखाने दोन्ही वापरा.