सायकलच्या ट्रेलरवर भाजी लादली की ट्रेलर डोलतो, कसा भरावा?

वडोदऱ्यात खंडेराव मार्केटातून दांडिया बाजारात 40 किलो भाजी नेताना तुमचा दोनचाकी ट्रेलर डोलतो आणि सायकलचं मागचं चाक हलकं लागतं, असं तुम्ही लिहिलंय. दोन्हींचं कारण बहुधा एकच, वजन ट्रेलरच्या आसाच्या मागे गेलंय. मग ट्रेलरला सायकलशी जोडणारा दांडा सायकलला वर उचलतो आणि मागच्या चाकाची पकड सुटते.

कांदे-बटाटे तळाशी, आसाच्या किंचित पुढे ठेवा. पालेभाजी वर आणि मागे. भरून झालं की दांडा सोडवून, जोडाच्या उंचीवरच लटकत्या काट्याने तोला. 3 ते 4 किलो भरले पाहिजेत. शून्याजवळ आले तर क्रेट पुढे सरकवा. 8-10 भरले तर जरा मागे, नाहीतर सायकलच्या मागच्या आसावर उगाच भार येतो. सायकल सोडवलेली असेल तर भरताना पुढून सुरू करा, उतरवताना मागून. उलट केलंत तर दांडा उसळून हनुवटीवर बसतो. ट्रेलरवर लिहिलेली मर्यादा (बऱ्याच ट्रेलरना 45 किलो) ओलांडू नका.

बांधायला रबरी दोरी नको, ती ताणली जाते आणि माल वळणावर सरकतो. पट्टा घ्या, त्याचं टोक आत खोचा. आऱ्यांत गेलं तर चाक जागीच अडकतं. जोडाची पट्टी सायकलच्या मागच्या आसावर चढवल्यावर नटाला पूर्ण पाच आटे तरी मिळतात का ते बघा. जोड सुटला तर ट्रेलर धरून ठेवणारा सुरक्षा पट्टा सायकलच्या चौकटीला गुंडाळायला विसरू नका, लोक हेच विसरतात.

चालवताना ट्रेलर तुमच्यापेक्षा आतून वळतो, म्हणून वळण मोठं घ्या. आतलं चाक खड्ड्यात किंवा फुटपाथच्या कडेवर गेलं तर ट्रेलर उलटू शकतो. स्पीडब्रेकर सरळ ओलांडा, तिरका कधीच नाही. ब्रेक वळणाआधी मारा. वळणात मारला तर मागचा भार सायकलला बाजूला ढकलतो. उड्डाणपुलावरून उतरताना वेग आधीच कमी ठेवा, कारण बहुतेक ट्रेलरना स्वतःचा ब्रेक नसतो. मागे लाल दिवा आणि उंच काठीवर झेंडी लावा. रिक्षावाल्याला सायकल दिसते, खालचा ट्रेलर दिसत नाही. उत्तरायणात (संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत) मांजा छोट्या चाकांच्या आसाभोवती गुंडाळू शकतो. चाक जड फिरू लागलं तर थांबून तो कापून काढा, हाताने ओढू नका.