अमेरिकन फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळात खेळता खेळता प्रशिक्षक झालेला, आवर्जून वाचावा असा कोण?

बहुतेक जण शिकागो बेअर्स संघाच्या जॉर्ज हॅलसचं नाव सांगतील. मी सांगेन फ्रिट्झ पोलार्ड.

जन्म १८९४ चा, शिकागोचा. उंची पाच फूट नऊ इंच, वजन जेमतेम ७५ किलो. या खेळात (आपल्या फुटबॉलशी गल्लत नको, इथे चेंडू हातात धरून धावायचं असतं) म्हणजे किरकोळच अंगकाठी. पण पठ्ठ्या धावायचा असा की सापडायचा नाही. ब्राउन विद्यापीठाकडून १ जानेवारी १९१६ ला तो रोझ बोल हा कॉलेज फुटबॉलचा मानाचा सामना खेळला. तिथे खेळलेला पहिला कृष्णवर्णीय.

१९२० मध्ये ओहायोतल्या अॅक्रन प्रोजकडून खेळताना त्याने, पुढे एनएफएल (अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक फुटबॉल लीग) झालेल्या लीगचं पहिलंच विजेतेपद मिळवलं. अख्ख्या हंगामात संघ एकदाही हरला नाही. गंमत बघा, असा हा हुकमी खेळाडू, पण काळा म्हणून कपडे बदलायला त्याला संघमालकाच्या सिगारच्या कारखान्यात जावं लागे. मैदानात तर त्याला पाडलं की वरून आणखी चारपाच जण मुद्दाम अंगावर कोसळायचे. त्यावर त्याने तोड काढली: पडल्या पडल्या उताणं व्हायचं आणि खिळ्यांच्या बुटांचे पाय वर करून झाडायचे. मग पुढे यायची कुणाची हिंमत?

१९२१ मध्ये त्याच संघाचा तो सहप्रशिक्षक झाला. खेळणंही चालूच. लीगमधला पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक तो हाच, आणि त्याच्या हाताखाली खेळलेल्यांत गायक-नट पॉल रोबसनही होता.

पुढची वर्षं मिलवॉकी, हॅमंड अशी संघ बदलत गेली. १९३४ पासून तर लीगने काळ्या खेळाडूंना दारच बंद केलं, ते उघडलं थेट १९४६ ला. पोलार्ड न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ब्राउन बॉम्बर्स हा कृष्णवर्णीयांचा संघ घेऊन उभा राहिला. मला त्याच्या कारकिर्दीतला हाच भाग सर्वांत भारी वाटतो, पण लोक त्यावर दोन ओळींपलीकडे लिहीत नाहीत.

एनएफएलच्या मुख्य प्रशिक्षकपदी यानंतरचा कृष्णवर्णीय आला तो १९८९ मध्ये, रेडर्स संघाचा आर्ट शेल. मध्ये गेली ६८ वर्षं. तेव्हा कित्येकांनी शेललाच 'पहिला' म्हटलं. दुरुस्ती करायला पोलार्ड नव्हता, तो १९८६ मध्येच वारला होता. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, त्याचं नाव लागायला २००५ उजाडलं.