बूट की कान?

प्रिय ओवी,

पुण्याला मावशीच्या लग्नात नव्या काकांचे बूट नेमके कधी पळवायचे, असं विचारलंस. ती मुळात उत्तरेकडची गंमत. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला, त्यात ती अख्खं गाणं करून दाखवली, आणि मग आपल्या कार्यालयांतही शिरली.

आपल्याकडे नवऱ्यामुलाची फिरकी घ्यायची ती कानपिळीला. लाजाहोमात मामा मावशीच्या ओंजळीत लाह्या घालील, आणि मग काकांचा कान पिळील. बहिणीला नीट सांभाळ, हा त्याचा अर्थ. कान सोडवून घ्यायचा तर काकांनी भेट द्यायची, बहुधा कपडे. सख्खा भाऊ नसला तर मावसभाऊ, चुलतभाऊही चालतो.

हे कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण कुणी बघतच नाही. मंगलाष्टकं संपली, शेवटच्या अक्षता पडल्या की मंडळी जेवायला पळतात, आणि होम त्यानंतर असतो. शिवाय धूर, खाली बसलेली माणसं. कॅमेऱ्याला त्यात काय मिळणार? बुटांत पळापळ आहे, दोन पक्ष आहेत, घासाघीस आहे.

मालिकांचं गणित आणखी वेगळं. तिथे एक लग्न आठवडाभर पुरवायचं असतं, म्हणून रोज नवा कार्यक्रम लागतो: आज मेंदी, उद्या संगीत. मेंदी आपल्याकडेही काढायचे, पण घरात बसून. संगीत मात्र बाहेरून आलं. मला त्याचं वावडं नाही, आत्या-काकू नाचतात तेव्हा मजाच येते. अडतं ते वेळेपाशी. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन असतं, म्हणजे मुलीकडच्यांनी नवऱ्यामुलाचे पाय धुऊन, पूजा करून त्याचं स्वागत करायचं. त्याच संध्याकाळी संगीत ठेवलं की साउंडवाला घाई करतो आणि गुरुजींना "जरा आटपा" असा निरोप जातो. विधी कुणी रद्द करत नाही, तो दहा मिनिटांत उरकला जातो.

तेव्हा तू असं कर. होम पेटायच्या आधी मामाला पंगतीतून शोधून आण. जेवायला बसला तर गुरुजी थांबत नाहीत. लाह्यांचं सूप तू धर. फोटोवाल्याला आधीच सांगून ठेव, नाहीतर तो कान दोनदा पिळायला लावतो. आणि काकांच्या करवलीला भेटवस्तू हाताशी ठेवायला सांग. सोवळ्याला खिसा नसतो.

तुझी,
आई