ॲपच्या आयडियाचं पेटंट भारतात घ्यावं का? मित्र म्हणतो, ‘आधीच घेऊन ठेव, नाहीतर उद्या कोणीतरी केस टाकेल.’

तुमच्या मित्रासारखाच एक भागीदार मलाही होता, म्हणून लिहितोय.

२०१२. कोथरूडला दोन खोल्यांत आमचं दुकान. छोट्या कंत्राटदारांना साइटवरूनच बिल बनवता येईल असं ॲप, गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकेतलं. एक दिवस टेक्सासच्या वकिलाचं पत्र आलं: तुमचं ॲप आमच्या अशिलाच्या पेटंटचा भंग करतं, पैसे भरा. सोबत दोन रकान्यांचा तक्ता: डावीकडे पेटंटमधली वाक्यं, उजवीकडे आमचे स्क्रीनशॉट. वाक्यं वाचून चक्कर यावी अशी, अर्थ एवढाच की रेंज गेली तर बिल फोनमध्ये राहतं आणि रेंज आली की सर्व्हरवर जातं. हा म्हणे शोध! पोस्टाची पेटी भरलेली बघून ज्याने पत्र परत खिशात घातलं, त्यानेही हा लावला असणार.

मागणी नऊ हजार डॉलरची. तिथे खटला शेवटपर्यंत लढवायचा तर खर्च दहा लाख डॉलरच्या पुढे सहज जातो. म्हणजे आकडा मुद्दामच असा की लढण्यापेक्षा दिलेले परवडतात. मी नको नको म्हणत असताना भागीदाराने देऊन टाकले आणि पुढे दोन वर्षं ऐकवलं, ‘आपलं पेटंट असतं तर ही वेळ आली नसती.’

अरे बाबा, पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवायचा हक्क, स्वतः धंदा करायचा परवाना नव्हे. आणि पत्र पाठवणाऱ्याचं ना ॲप, ना गिऱ्हाईक, हातात नुसतं पेटंट. त्याला अडवणार कुठे? मोठ्या कंपन्या एकमेकींवर पेटंटं रोखून बसतात, कारण दोघींकडे घालवण्यासारखं काहीतरी असतं. (एका क्लिकमध्ये खरेदी, यावरचं अमेरिकन पेटंट ॲमेझॉनने १९९९ पासून २०१७ पर्यंत सांभाळलं. एक क्लिक!)

२०१४ मध्ये ‘ॲलिस’ खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जुनीच कल्पना कॉम्प्युटरवर चढवली म्हणून पेटंट मिळत नाही. त्यानंतर असली पेटंटं धडाधड पडली. निकालाची लिंक मी भागीदाराला त्याच रात्री पाठवली. उत्तर आलं नाही.

हां, तुमचा प्रश्न. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये नुसत्या प्रोग्रॅमला आणि अल्गोरिदमला पेटंट नाही. २००४ च्या अध्यादेशाने ते सैल करायचा प्रयत्न झाला होता, २००५ मध्ये संसदेने तो भाग गाळला, चांगलं केलं. कोडवर कॉपीराइट आपोआप असतोच.

ॲपबरोबर एखादं नवं यंत्र वगैरे असेल तर गोष्ट वेगळी, पेटंट एजंटला विचारा. आणि अर्ज करायचाच असेल तर तो दाखल होईपर्यंत कुठे डेमो देऊ नका. मित्रालाही नको.