पन्नाशी उलटली, घोड्यावर बसायचंय

प्रश्न : ताई नमस्कार, मी प्रताप नगरला राहते, वय 54, शाळेत शिकवते. लहानपणी आम्ही महालात राहायचो, तान्ह्या पोळ्याला सगळी पोरं लाकडी बैल घेऊन निघायची आणि मी बाबांजवळ घोडा मागायची, लाकडी नाही, खराखुरा. बाबा म्हणायचे, वरातीत नवरा बसतो तेवढा पुरे. आता मुलगी कमावती झाली, ती आणि मी जुलैमध्ये किर्गिझस्तानला जाऊन राहिलो आहोत, तिथे सोंग कुल तलावापर्यंत घोड्यावरून जायचं तीन दिवसांचं पॅकेज आहे. एजंट म्हणतो काही शिकायची गरज नाही, घोडे एकदम शांत असतात. हे म्हणून राहिले की या वयात हाडं मोडून घेशील. वजन 71 किलो, एक गुडघा कधीकधी कुरकुर करतो, बीपीची गोळी चालू आहे. जाऊ का?

उत्तर : जा ना! पण पॅकेज आहे तसं घेऊ नका.

तुमचा एजंट खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो. तिथले घोडे खरंच सवयीचे असतात, पुढच्या घोड्यामागे मान खाली घालून चालत राहतात, त्यामुळे न शिकलेला माणूसही तासभर आरामात बसून येतो. पण तीन दिवस म्हणजे रोज चार-पाच तास खोगीरावर, मधे खिंडीची चढण आणि मग उतार, आणि उतारावर सगळा भार तुमच्या गुडघ्यावर येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या अशा आखडतात की युर्टच्या, म्हणजे तिथल्या गोल तंबूच्या, दारातून वाकून बाहेर पडणंही जीवावर येतं, आणि खिंडीच्या वाटेवर मधेच पॅकेज सोडायचं म्हटलं तर गाडी येत नाही, घोड्यावरूनच परत यावं लागतं.

माझं ऐकाल तर असं करा. सोंग कुलला उन्हाळ्यात गाडी जाते. बिश्केकहून निघून एक रात्र वाटेतल्या कोचकोर गावी थांबा, मग गाडीने तलावावर जा, युर्टमध्ये दोन रात्री राहा आणि घोडा तिथेच घ्या, पहिल्या दिवशी दोन तास, जमलं तर दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस. तलाव 3,016 मीटरवर आहे आणि आपलं नागपूर जेमतेम 300 मीटरवर, म्हणून उंचीची सवय व्हायला कोचकोरची रात्र चुकवू नका, आणि बीपीच्या गोळीबद्दल जायच्या आधी डॉक्टरांशी बोला. चारी बाजूंनी मोकळं गवताळ पठार, जुलैतही रात्री कडाक्याची थंडी, घोडे असेच चरत फिरताहेत, तुम्हाला जे पाहिजे ते सगळं तिथेच आहे की, त्यासाठी खिंड ओलांडायची काय गरज?

आता तयारी. जायच्या आधी इथे नागपुरातच कुणी घोडेस्वारी शिकवतं का विचारा, नाहीतर सुट्टीत माथेरानला तरी जाऊन या. आपल्या उन्हाळ्यात शिकायचं तर भल्या पहाटे, उन्हात घोड्यालाही त्रास आणि तुम्हालाही. फार नाही शिकायचं, चढणं, उतरणं, थांबवणं, वळवणं आणि थोडी दुडकी चाल, एवढंच. पण लगाम तुमच्या हातात पाहिजे, वरातीतल्यासारखा दुसऱ्याने घोडा धरून चालवला तर ते शिकणं नाही, ती मिरवणूक. घोड्याजवळ डावीकडून जायचं, मागून कधीच नाही, कारण घोड्याला अगदी मागचं दिसत नाही आणि दचकला की लाथ बसते. रिकिबीत पायाचा पुढचा भाग ठेवायचा, टाच खाली, नजर समोर, लगाम हाताला गुंडाळायचा नाही. चढावर थोडं पुढे झुकायचं, उतारावर सरळ बसायचं. उतरताना आधी दोन्ही पाय रिकिबीतून काढायचे, बहुतेक अपघात तिथेच होतात असं नाही, पण एक पाय अडकलेला असताना घोडा चालू लागला तर काय होईल याचा विचार करा.

गुडघ्यासाठी रिकीब थोडी लांब करून मागा आणि दर तासाला उतरून पायी चाला, गाइडला यात काही विचित्र वाटत नाही. 71 किलोची चिंता सोडा, बहुतेक ठिकाणी मर्यादा 90-100 किलोच्या आसपास असते.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मात्र पूर्ण उडवून लावू नका हं. पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ होतात हे खरंच आहे, म्हणून आधी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घ्या. रिपोर्ट चांगला आला तर तो फ्रिजवर चिकटवून ठेवा, बोलणंच बंद.

जीन्स नको, तिची शिवण मांडीला घासून सालटं निघतं, त्यापेक्षा जाड लेगिंग्ज आणि आतून सायकलवाल्यांची पॅडवाली शॉर्ट. बुटाला थोडी टाच हवी म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. हेल्मेट इथूनच न्या, घोडेस्वारीचं, सायकलचं चालत नाही, कारण तिकडे सगळीकडे मिळेलच असं नाही. आणि प्रवास विमा काढताना घोडेस्वारी त्यात धरली आहे का ते लेखी विचारा, बऱ्याच पॉलिसींमध्ये ती साहसी खेळांत टाकून बाहेर ठेवतात. शाकाहारी असाल तर डबा भरून चिवडा न्या, तिथलं जेवण मटणावर चालतं. कुमीस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, पुढे करतील, एक घोट घ्या, आंबट असतं आणि थोडं अल्कोहोलही असतं, नको असेल तर हसून नाही म्हणा.

घोडा चालवायला तिथे "चू" म्हणतात. तुम्ही मास्तरीणबाई आहात, आवाज काढायची तर सवयच आहे.

प्रश्न : धंतोलीहून लिहितोय. मी वर्षभर घोडेस्वारी शिकतोय, सप्टेंबरमध्ये आइसलँडला जाणार. माझे बूट, हातमोजे, हेल्मेट घेऊन जाऊ का? पैसे वाचतील.

उत्तर : नका नेऊ. तिथे बाहेरून घोडा आणायला बंदी आहे, ती शेकडो वर्षांपासून, आणि बाहेर गेलेला आइसलँडिक घोडा परत येऊ शकत नाही. एवढा काळ वेगळे राहिल्यामुळे त्यांच्यात बाहेरच्या रोगांची प्रतिकारशक्ती नाही, म्हणून वापरलेलं खोगीर, लगाम, हातमोजे नेताच येत नाहीत आणि वापरलेले कपडे, बूट नीट धुऊन निर्जंतुक करूनच न्यावे लागतात. फार्मवर हेल्मेट बहुधा तेच देतात. तुम्ही शिकलेले आहात तर टोल्ट नावाची त्यांची खास चाल मागून घ्या, वेग चांगला असतो आणि तरी बसणारा उसळत नाही. तारखा पुढेमागे होत असतील तर सप्टेंबरचा शेवट धरा, उन्हाळाभर डोंगरात सोडलेले घोडे तेव्हा उत्तरेकडे स्कागाफ्योर्दुरला हाकून खाली आणतात. राहायची जागा मात्र लवकर बुक करा, त्या दिवसांत तिथे गर्दी असते.